डागकाकूने अंगावर काढलेलं दुखणं

डागकाकूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. लाँड्रीत डागांच्या टेबलावर बसायची म्हणून ती डागकाकू. मालक तेच म्हणायचे, गिऱ्हाइकं तेच म्हणायची, आणि तिचा मुलगासुद्धा वैतागला की म्हणायचा, "आमची डागकाकू ऐकेल तर ना कुणाचं!" मी शेजारच्या इस्त्रीच्या टेबलावर. आमच्या दोघींत एक खिडकी आणि एक पाण्याचं पिंप, एवढंच काय ते अंतर. नवऱ्याच्या शेजारी काढली नाहीत तेवढी वर्षं मी हिच्या शेजारी काढली, आणि खरं सांगायचं तर ती जास्त बरी गेली.

लाँड्रीची पुढची खोली गिऱ्हाइकांची, काचेची, झकपक. आमची मागची. तिथे दोन मोठी मशीनं दिवसभर घरघर करायची आणि भिंतींना बारा महिने घाम सुटलेला असायचा. काकूचं टेबल खिडकीखाली, पांढऱ्या फरशीचं, मधोमध उतार आणि एक भोक, खाली बादली. आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्या हाताखालून जायचा. ती तो उजेडात धरायची, मान तिरकी करून बघायची आणि डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचे सैल टाके घालायची. कपडा ओला झाला की डाग दिसत नाही ना, आणि वाळला की लबाड परत वर येतो. टाके असले म्हणजे नेमकं कुठे बघायचं ते कळतं. डाग गेल्याची खात्री झाली की ती टाके उसवायची. टाके असलेला कपडा माझ्याकडे आला तर मी त्याला इस्त्री लावायची नाही, परत तिच्या टेबलावर. गरम इस्त्री फिरली की डाग कायमचा बसतो.

एकदा मालकांनी नवी मुलगी आणली, तिने रक्ताच्या डागावर उकळतं पाणी ओतलं. काकूने कपाळावर हात मारला. "शिजवलास की गं! आता तो या चादरीचा जावई झाला, जन्मभर जायचा नाही." मुलगी रडकुंडीला आली तशी काकूनेच तिला चहा पाजला.

काकूचा एक हट्ट होता. डाग कशाचा आणि कुणाचा, ते बोलायचं नाही. आख्ख्या वस्तीची उशा-पांघरुणं आमच्याकडे यायची. कुणाच्या घरी म्हातारं अंथरूण ओलं करतं, कुणाचा नवरा केस रंगवतो, कुणाच्या मुलाला झोपेत काय होतं, तिला सगळं ठाऊक. मी आपली खडा टाकून बघायची.

"ही कॉलर कुणाची गं? शाई लागलीय म्हणतात."

"शाईच असेल."

"मानेतून शाई गळते का त्याच्या?"

"तू इस्त्री बघ तुझी. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

ते खरंच होतं, म्हणून मला राग यायचा नाही.

सत्तरी उलटल्यावर दोघी अर्धा दिवस यायला लागलो. घरी बसून करायचं काय? माझी नातवंडं मोठी झाली, त्यांना आता आजी फक्त बटण तुटल्यावर आठवते. काकू तिच्या मुलाकडे राहायची. मुलगा नळ दुरुस्त करणारा. मोऱ्या, पाइप, तुंबलेली गटारं, सगळं काढून देणारा. दांडगा, मोठ्याने बोलणारा, आईसमोर मात्र मांजर. सून शाळेच्या कॅन्टीनमध्ये कामाला, शांत पोरगी. घर दोन खोल्यांचं, पण न्हाणीघर असं की बघत राहावं. गिऱ्हाइकांकडचे उरलेसुरले नळ त्याने घरी लावलेले, एक सोनेरी, एक चंदेरी, एक उलटा फिरवला की उघडणारा.

थंडीचे दिवस होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की काकू माझ्या आधी यायला लागलीय. मी पोचायची तेव्हा तिचे हात ओले, नळाखाली काहीतरी धुऊन झालेलं, आणि पिळून पिशवीत गेलेलं. खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल घेऊन बसायची. अंगाला पावडरीचा असा दरवळ की मी म्हटलं, "काय गं, लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

"ठरवलंय. तुझ्याच दिराशी."

हसलो आणि सोडून दिलं. मला वाटलं, थेंब थेंब लघवी होत असेल. आमच्या वयात त्यात काय नवल? आम्हाला शिंक येणार असं वाटलं की आधी पाय जुळवावे लागतात. असल्या गोष्टी आम्ही एकमेकींना विचारत नाही. जिची तिला पुरे झालेली असते.

मग एके दिवशी चहाच्या वेळी तिने मला मागच्या गच्चीवर बोलावलं. चादरी वाळत होत्या, त्यांच्या मधे उभी राहून म्हणाली, "थांबलं एकदाचं."

"काय थांबलं?"

तिने इकडे तिकडे पाहिलं. चादरींपलीकडे कावळासुद्धा नव्हता. तरी पुटपुटल्यासारखं बोलली. "अंगावरून जात होतं."

पाळी जाऊन आम्हाला इतकी वर्षं झाली की त्या गोष्टीचं नावसुद्धा परक्यासारखं वाटलं. "रक्त?"

"कधी गुलाबी. जास्त करून पिवळट, घट्ट. वास यायचा. मला कळत होतं ते कसलं ते. पण मी काय बोलणार? कुणाला बोलणार? सुनेला?" मग तिने सगळं सांगितलं. घरातलं कुणी उठायच्या आत आपले कपडे गार पाण्यात टाकायचे, मीठ लावायचं, धुऊन दारामागे वाळत घालायचे. उरलेले इथे. सून म्हणायची, द्या, मशीनमध्ये टाकते. ही म्हणायची, नको, माझा हात बसलाय. "एक ठिपका कुणाला दिसू दिला नाही मी," ती म्हणाली. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर, आता काय सांगू, एखादी जुनाट शाई काढल्यावर असायचं तसं समाधान होतं. "आणि आता बघ. आठवडा होत आला. कोरडं खडखडीत."

"अगं, पण या वयात जायचंच काय कारण? दाखव एकदा कुणाला."

"काय दाखवू? कोरडा कपडा दाखवू? थांबलं ते थांबलं."

"पोटात दुखतं का?"

"जरा जड वाटतं. गॅस असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्यात."

"त्यांना हे सांगितलंस?"

"त्या पोराला? त्याच्या बारशाचे कपडे मी धुतलेत!" तिने माझं मनगट धरलं. "आणि तू कुठे बोललीस तर बघ. मेले तरी तुझं तोंड बघणार नाही."

"मेल्यावर तसंही कुठे बघणार आहेस," मी म्हटलं. पण बोलणार नाही असा शब्द दिला. शब्द देताना माझ्या काळजात काहीतरी खुपलं, नाही असं नाही. पण तिचा चेहरा इतका हलका झाला होता की मलाही वाटून गेलं, असेल बाई, गेलं असेल आपोआप. आम्हा बायकांना वाटतं पाळी गेली म्हणजे तो कारखाना बंद पडला. दाराला कुलूप लावलं, किल्ली टाकून दिली. आत अजून काही घडू शकतं, हे आम्हाला कधी कुणी सांगितलेलंच नाही. आईने नाही, सासूने नाही, आणि आम्ही तरी आमच्या मुलींना कुठे सांगितलं?

त्यानंतर तिचं पोट दिसायला लागलं. एरवी अंगाने काटकुळी, नुसती हाडं. मागून बघावं तर काडी आणि पुढून बघावं तर बेंबीखाली फुगवटा. मालकांनी चेष्टा केली, "काकू, सून फार खाऊ घालते वाटतं!" ती हसली नाही. खाणं तर सुटलंच होतं तिचं. चहाचा कप भरलेला तसा बादलीत ओतायची, मला वाटावं प्याली म्हणून. मशीनांच्या उकाड्यात आम्ही पदराने वारा घ्यायचो आणि ही स्वेटर घालून बसायची. मधेच दात वाजायचे. मी म्हटलं, "ताप आहे तुला." म्हणाली, "हवा बदललीय."

"मी सुनेला सांगते."

"शब्द दिलायस."

"तापाचा नव्हता दिला."

"सगळ्याचा दिलायस," असं म्हणून तिने पाठ फिरवली. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलेच. सुनेला म्हटलं, आईंना ताप असतो, डॉक्टर बदला. सून बिचारी म्हणाली, "मावशी, मी रोज म्हणते. त्या म्हणतात तुझं तू बघ." शेवटी काकू पुन्हा कोपऱ्यावरच्याच डॉक्टरांकडे गेली, त्यांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या लिहून दिल्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना सांगितलं तेवढंच त्यांना कळणार. आणि दाखवायला हिने आंघोळ करून, पावडर लावून, धुतलेले कपडे घालून जायचं. म्हणजे जे दिसायला हवं होतं तेच हिने आधी धुऊन टाकलेलं.

मग ती सकाळ. माझ्याकडे एक पांढरा टेबलक्लॉथ आला, कुठल्या तरी हॉटेलचा. मी उलगडला आणि बघत राहिले. सगळ्या कापडावर टाके. इथे गोल, तिथे गोल, कडेला, मधे, कुठेही. आणि डाग एकही नाही. कोरा करकरीत. मी म्हटलं, "काकू, हे काय गं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिसत नाहीत का तुला? सगळीकडे आहेत." आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा सुईच्या बाहेरून जात होता, पुन्हा पुन्हा.

मी तिचा हात धरला. तव्यासारखा तापलेला. ओठ निळसर. मी ओरडले तसे मालक पुढच्या खोलीतून धावत आले. मुलाला फोन लावला. तो कुणाच्या तरी मोरीखाली आडवा झालेला होता, तसाच आला. हातात पान्ह्यांची पिशवी, गुडघे चिखलाने माखलेले. आईला त्याने लहान पोर उचलावं तसं उचललं. काकू तसल्या अर्धवट शुद्धीतही म्हणाली, "हात धुतलेस का रे?"

हॉस्पिटलमध्ये नेलं ते तातडीच्या विभागात. खाटा एकमेकींना चिकटून, मधे पडदे, पण पडद्यांच्या अर्ध्या कड्या तुटलेल्या, त्यामुळे ते नुसते लोंबत होते. सून कॅन्टीनच्या एप्रनवरच आली. डॉक्टरबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आवाज मात्र गोड. त्यांनी पोटावर हात ठेवला तशी काकूने ओठ दातांखाली दाबला.

"आजी, उलट्या? जुलाब?"

"नाही."

"लघवीला जळजळ?"

"होते थोडी."

"अंगावरून काही जातं का?"

मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. हा प्रश्न आला तसा तो छताकडे बघायला लागला. काकूने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे. "नाही," ती म्हणाली. "काही जात नाही."

आणि ते खरंच होतं. त्या दिवशी काही जात नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "लघवीचं इन्फेक्शन वर चढलेलं दिसतंय. सलाइन लावू, इंजेक्शन सुरू करू. सोनोग्राफीला मोठी रांग आहे, उद्यापर्यंत नंबर लागेल." त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. तिथे एक माणूस मोडका हात घेऊन बोंबलत होता.

काकूने माझं मनगट धरलं होतं. गच्चीवर धरलं होतं तसंच, पण आता पकडीत ताकद नव्हती. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं: बोलू नकोस. आणि तिच्या पोटाकडे पाहिलं तर ते पांघरुणाखाली तट्ट होऊन बसलेलं. मी विचारबिचार काही केला नाही. विचार केला असता तर बोलले नसते.

"डॉक्टरबाई," मी म्हटलं, "जात होतं. कितीतरी दिवस. पिवळं, वास येणारं. आता थांबलंय."

"इस्त्रीबाई!" काकू ओरडली. एवढ्या वर्षांत मला तिने कधी बाई म्हटलं नव्हतं. हात सोडून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. मोडका हात तसाच बोंबलत राहिला. "थांबलं कधी? पोट फुगायच्या आधी की नंतर?"

"आधी थांबलं. मग फुगलं."

त्यानंतर कुणी रांग म्हटलं नाही. ढकलगाडी आली, काकूला घेऊन गेले, आणि परत आणलं तेव्हा डॉक्टरबाईंबरोबर आणखी एक मोठ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मुलाला आणि सुनेला बाजूला घेतलं, मीही कान देऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, वय झालं की गर्भाच्या पिशवीचं तोंड आवळत जातं. आत जंतू झाले, पू झाला, तर आधी तो थोडा थोडा बाहेर येत राहतो. पुढे तोंड पुरतं बंद झालं की बाहेर येणं थांबतं. माणसाला वाटतं, बरं झालं. पण आत साठतच असतं.

"तुंबलंय म्हणा ना," मुलगा म्हणाला.

मोठ्या डॉक्टरबाई थबकल्या. "हो. तसंच म्हणायचं."

"मग थांबलात कशाला? मोकळं करा. फुटलं तर सगळीकडे होईल."

"तीच भीती आहे," त्या म्हणाल्या. "पिशवीची भिंत फार पातळ झालीय. विष रक्तात जायला लागलंय. आम्ही लगेच ऑपरेशनला घेतोय, पण पुढचं काही सांगता येत नाही."

छताकडे बघणारा तो हाच मुलगा. आईच्या त्या जागेचं नाव काढलं असतं तर जमिनीत गेला असता. पण तुंबलं म्हटल्यावर त्याची लाज कुठल्या कुठे पळाली. सही कुठे करायची ती दाखवा म्हणाला, आणि खाटेजवळ जाऊन आईच्या कानाशी वाकला. "आई, घाबरू नको. तोंड उघडून नळी घालणार, आतलं सगळं काढणार. अर्ध्या तासाचं काम."

डोळे मिटलेल्या काकूने पुटपुटत विचारलं, "मला गटार समजलास का रे?"

सून हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग मला बाहेर बाकावर घेऊन आली. एप्रनला डोळे पुसत म्हणाली, "मावशी, मला वाटायचं माझं धुणं त्यांना पटत नाही. एवढी कपडे धुणारी बाई, मी धुतलेलं कसं आवडणार त्यांना? मग मीही रागाने मागायचं सोडून दिलं. एकदा जरी बळेच घेतले असते..."

मी तिचा हात हातात घेऊन बसले. त्या पोरीने किती दिवस आपली अक्कल काढली जातेय असं समजून गिळलं होतं, आणि तिकडे काकू तिच्यापासून काय लपवत होती! एका न्हाणीघरात, एका नळाखाली.

नळी घातली. जे निघालं त्याचं वर्णन मी इथे करत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, भांडं भरलं, एवढं सांगते. पण ताप काही लगेच उतरला नाही. काकू आत काचेच्या खोलीत, तोंडावर मास्क, हाताला दोन दोन सुया. मुलगा दाराशी बसून राहायचा. सून डबा आणायची, तो उघडायचा आणि तसाच बंद करायचा. एकदा डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "नातेवाइकांना बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." मुलाने विचारलं, "म्हणजे?" त्या परत आत गेल्या. कुणाला बोलवणार? आम्हीच होतो काय ते. मालक लाँड्री बंद ठेवून आले. मशीनं बंद असलेली ती मागची खोली मला डोळ्यांसमोर येत होती, आणि ते टाक्यांनी भरलेलं कोरं कापड. मनात म्हणत होते, काकू, मर पण माझ्यावर रागावून मरू नकोस.

मेली नाही. हळूहळू ताप उतरला. वॉर्डात आणलं तेव्हा गालांचे खड्डे पडलेले, पण डोळे तिचेच. मी गेले तर डोळे मिटून घेतले. सुनेच्या हातचं पाणी प्यायची, परिचारिकेशी बोलायची, माझ्याशी शब्द नाही. मी रोज जायची, स्टुलावर बसायची, पांघरूण सारखं करायची. एकदा ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "या चादरी इथे गरम पाण्यात टाकतात. कळत नाही लोकांना." मी भिंतीला म्हटलं, "खरंय." तेवढंच.

आतल्या मांसाचा तुकडा तपासायला पाठवला होता. या वयात पिशवीत पू झाला तर कधी कधी त्याच्यामागे कॅन्सर दडलेला असतो, म्हणून बघावं लागतं म्हणाले. हे काकूला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलंच. लोक काय लपवतात ते तिला न बोलता कळायचं. उभा जन्म त्यात गेला होता.

ती घरी आल्यावर मी तिला भेटायला गेले. सून कामावर गेलेली, मुलगा न्हाणीघरात कसला तरी नळ बदलत होता, ठोकाठोकी चाललेली. काकू पलंगावर उशीला टेकून. मी खुर्ची ओढली तशी म्हणाली, "पोरासमोर बोललीस."

"मग कुणासमोर बोलायचं होतं? डॉक्टरबाई निघून चालल्या होत्या."

"त्याला बाहेर काढायचं."

"तू काढलं असतंस? तू तर 'नाही' म्हणून मोकळी झालीस."

"मी खोटं बोलले नाही."

"नाही बोललीस. खरं बोलूनच मरायला निघाली होतीस."

न्हाणीघरातली ठोकाठोक थांबली, मग परत सुरू झाली. काकू पांघरुणाचा काठ बोटांनी चाचपत म्हणाली, "मेले असते तर स्वच्छ गेले असते. आता तो माझ्याकडे बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय येत असेल?"

मला राग आला, इतका की खुर्चीवरून उठले. म्हटलं, "तुझं पोट कुजत होतं आणि तू वरून पावडर लावत होतीस. त्याला स्वच्छ म्हणतेस? आणि त्या सुनेने तुझा राग आपल्यावर आहे समजून किती रडून घेतलं, ते कुणी धुवायचं?" आणि निघून आले. दाराशी मुलगा उभा होता, हातात पान्हा. त्याने सगळं ऐकलं होतं. माझ्या चपला सरळ करून पुढे ठेवल्या.

मी पुन्हा गेले नाही. म्हटलं, पुरे झालं. मीही म्हातारी आहे, मलाही मान आहे. पण दुपारी इस्त्री फिरवताना शेजारचं रिकामं टेबल बघवत नव्हतं.

मग एका सकाळी सून दाराशी. "मावशी, आज दाखवायला न्यायचंय, तपासणीचा निकालही कळणार. आई गाडीत बसत नाहीयेत."

"का?"

"काही बोलत नाहीत. नुसत्या रस्त्याकडे बघतायत. तुमच्या घराच्या बाजूला."

मी हातातलं काम टाकून गेले. काकू मुलाच्या टेम्पोशेजारी काठी धरून उभी होती. मला बघितलं, नाक मुरडलं आणि चढून बसली. सगळ्या वाटेत दोघींनी दोन बाजूंना बघितलं.

डॉक्टरबाईंची खोली लहान, हिरवा पडदा, एक वजनकाटा. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, निकाल चांगला आहे, दुसरं काही निघालं नाही. सुनेने डोळे मिटले. मुलगा दारात उभा होता, त्याने चौकटीला हात टेकला. पण त्या पुढे म्हणाल्या, "आजी, हे परत होऊ शकतं. तोंड पुन्हा आवळू शकतं. तेव्हा थांबलं म्हणजे बरं झालं, असं समजायचं नाही. दुखलं, गेलं, थांबलं, वास आला, काहीही असो, तुम्ही सांगितलंत तरच आम्हाला कळणार. बाहेरून आम्हाला काही दिसत नाही." मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "आता सांगा. गेल्या आठवड्यात काही झालं?"

काकूची नजर खाली. मला वाटलं, झालं, आता ही 'नाही' म्हणणार. मी तोंड उघडलं. सवयच ती.

काकूने मान वर केली. आधी मुलाकडे बघितलं. तो छताकडे बघत नव्हता. तो आईकडेच बघत होता, सरळ, आणि लहानपणी ओरडा खाताना उभा राहायचा तसा हात मागे बांधून.

"तू थांब," ती त्याला म्हणाली. "सून पण थांबू दे." मग माझ्याकडे वळली. "तू बाहेर बस. माझं मी सांगते."

"मी काय केलं?"

"तू माझ्या आधी सांगशील. जा."

मी बाहेर आले. बाकावर बसले. शेजारी एक बाई पोटाशी पिशवी धरून नंबरची वाट बघत होती, माझ्याच वयाची. दार नीट लागत नव्हतं, आतून काकूचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती बोलत होती. थांबून, अडखळून, मधेच चिडून. डॉक्टरबाई "हं, हं" म्हणत होत्या. मधे मुलाने काहीतरी विचारलं आणि तिने त्याला उत्तर दिलं. खूप वेळ चाललं होतं.

शेजारची बाई म्हणाली, "तुमच्या कोण?"

मी म्हटलं, "आमची डागकाकू." आणि मग तिला विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

तिने आजूबाजूला पाहिलं, पिशवी आणखी जवळ ओढली आणि म्हणाली, "काही नाही हो. जरासं पोट जड वाटतं."